सहावीतल्या मुलीसाठी पहिला बेस घेताना

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत, उंची साडेचार फूट. शाळेच्या बँडमध्ये गिटार वाजवायला चौघं तयार, बेसला, म्हणजे चार जाड तारांच्या खालच्या सुरांच्या गिटारीला, कुणीच नाही. सरांनी हिला विचारलं आणि ही हो म्हणाली. तुमचं बजेट सगळं मिळून २०,००० रुपये. तुम्ही कोपरखैरण्याला राहता. वाशीत एका दुकानात विचारलंत तर त्यांनी सांगितलं, आधी दोन वर्षं साधी गिटार शिकू दे. ऑनलाइन ९,००० रुपयांत बेस, अँप (आवाज मोठा करणारा स्पीकर), बॅग, पट्टा असा अख्खा संच दिसतोय. आणि ऑफिसातले एक सहकारी त्यांच्या मुलाचा पाच तारांचा बेस ६,००० ला द्यायला तयार आहेत. यातलं काय घ्यावं आणि कुठल्या ब्रँडचं घ्यावं?

मी ठाण्यात नौपाड्याला बावीस वर्षं बेस शिकवतो. त्याहून जास्त वेळ लोकांच्या गिटारी दुरुस्त करण्यात जातो. त्यामुळे दुकानदाराचं आणि माझं मत जुळेलच असं नाही. त्याच्याकडे माणूस वाद्य घ्यायच्या आधी जातो, माझ्याकडे घेतल्यावर येतो.

ब्रँडचं नंतर बघू. तुमची खरी अडचण वेगळी आहे आणि ती जवळपास सगळ्याच पालकांची असते: दिवाळीला घेतलेला बेस पुढच्या दिवाळीला कपाटामागे उभा तर नसेल? माझ्या अनुभवात मुलं बेस सोडतात ती कंटाळून कमी, आणि वाद्य हाताला दुखतं म्हणून जास्त. दुखतं हे ती सांगत मात्र नाहीत. त्यांना वाटतं, आपलीच बोटं कमजोर आहेत.

हे मी स्वतःवरून सांगतोय. माझा पहिला बेस मी कॉलेजात असताना ३,२०० रुपयांना घेतला. दुकानाचं नाव सांगत नाही, ते दुकान आता नाहीही. आठ महिने बोटांना फोड येईपर्यंत वाजवला आणि मनाशी ठरवून टाकलं की हे आपलं काम नाही. गणपतीत एका ऑर्केस्ट्राच्या तालमीला गेलो होतो, तिथल्या जुन्या बेसवाल्या काकांनी माझा बेस हातात घेतला. सुतार फळी बघतो तशी एक डोळा मिटून त्याची मान, म्हणजे तारांखालची लांब दांडी, बघितली आणि म्हणाले, "अरे, हा बेस नाही, हे धनुष्य आहे." खिशातून किल्ली काढून त्यांनी मानेत दोनदा थोडी थोडी फिरवली, थोडं थांबले, ब्रिजचे, म्हणजे तारा जिथे अंगावर टेकतात त्या भागाचे, स्क्रू खाली घेतले. वीस मिनिटांत तो वेगळा बेस झाला होता. आठ महिने मी बोटांना शिव्या देत होतो.

म्हणून आधी मापं. साध्या इलेक्ट्रिक गिटारीवर तारेची वाजणारी लांबी, म्हणजे नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतचं अंतर, साधारण २५.५ इंच असते. याला स्केल म्हणतात. नेहमीच्या बेसची स्केल ३४ इंच. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला तेव्हापासून हे माप रूढ झालं ते आजतागायत. पण त्याखाली ३० इंचांचे बेस आहेत, त्यांना शॉर्ट स्केल म्हणतात, आणि २८.६ इंचांचे अगदी छोटेही आहेत. दुकानात शॉर्ट स्केलला कुणी "मुलांचा बेस" म्हणालं तर मनावर घेऊ नका. बीटल्समध्ये पॉल मॅकार्टनी जो व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस वाजवायचा तो ३० इंचांच्याच घरातला आहे.

चार इंचांनी काय फरक पडतो? दोन ठिकाणी पडतो. पहिली गोष्ट डाव्या हाताचा पंजा. फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर ३४ इंची बेसवर जवळपास १३ सें.मी. असतं, ३० इंचीवर साडेअकराच्या आसपास, आणि साध्या गिटारीवर पावणेदहा. दीड सेंटिमीटर कागदावर किरकोळ वाटतो. अकरा वर्षांच्या करंगळीला विचारा. दुसरी गोष्ट ताण. तीच तार, तोच सूर, फक्त लांबी ३४ वरून ३० केली तर ताण सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो, कारण ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. म्हणजे दाबायला जोर कमी लागतो. यात शॉर्ट स्केलची एक खोटही आहे, ती लपवत नाही: सगळ्यात जाड तार, म्हणजे खालचा ई, थोडी सैल आणि घुमी वाजते. पहिल्या दोन वर्षांत मुलीला ते खटकणार नाही. बँडच्या सरांनाही बहुधा नाही.

तिला कुठला लागेल हे उंचीवरून मी सांगणार नाही. एवढ्याच उंचीची काही मुलं ३४ इंची बेस सहज धरतात, काहींचा पंजाच छोटा असतो. घरी एक प्रयोग करा. फरशी पुसायच्या मॉपचा दांडा घ्या. एका टोकापासून ४.८, ९.४, १३.७ आणि १७.८ सें.मी. वर पांढरा टेप लावा. हे ३४ इंची बेसचे पहिले चार फ्रेट झाले. त्याच टोकापासून ८६ सें.मी. वर आणखी एक टेप लावा, तो ब्रिज. आता मुलीला हात नसलेल्या खुर्चीत बसवा. ब्रिजचा टेप तिच्या उजव्या कुशीपाशी येऊ दे, दांडा डावीकडे थोडा वर. डाव्या हाताने पहिल्या टेपपर्यंत पोचताना कोपर थोडं वाकलेलं राहतंय, की हात सरळ ताठ होऊन खांदा पुढे ओढला जातोय? मग पहिलं बोट पहिल्या टेपच्या जरा अलीकडे आणि करंगळी तिसऱ्याच्या अलीकडे ठेवायला सांगा. चौथ्याचा हट्ट नको. मनगट न वाकवता हे जमलं तर ३४ इंची चालेल. खांदा खेचला गेला किंवा मनगट काटकोनात गेलं तर ३० इंची शोधा. त्याचे टेप हवे असतील तर ४.३, ८.३, १२.१, १५.७ सें.मी. आणि ब्रिज ७६ वर.

करंगळी तिसऱ्यावर का म्हणालो तेही सांगतो. इंटरनेटवर "प्रत्येक फ्रेटला एक बोट" हा नियम दिसतो. खालच्या फ्रेटांवर तो मोठ्या माणसालाही जड जातो. उभ्या डबल बेसवर शंभराहून जास्त वर्षं वेगळी पद्धत चालत आली आहे, सिमांडल नावाच्या बोहेमियन वादकाच्या नावाने ओळखली जाते: पहिलं बोट, मधलं बोट आणि करंगळी, अंगठीच्या बोटाने फक्त करंगळीला आधार द्यायचा. तीन फ्रेट, चार बोटं. मी लहान मुलांना हीच शिकवतो. तिचे सर वेगळं शिकवत असतील तर वाद घालू नका, पण मनगट दुखतंय म्हणाली तर हे लक्षात ठेवा.

आणि एक जुगाड, जो मी दर वर्षी दोन-तीन मुलांना करून देतो. घरात ३४ इंची बेस आधीच असेल तर दुसऱ्या फ्रेटवर घट्ट कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा आणि चारही तारा एकेक पूर्ण स्वर खाली उतरवा. कॅपोच्या पुढे राहिलेली लांबी ३०.३ इंच होते आणि सूर नेहमीचेच वाजतात. मानेवरचे ठिपके मात्र दोन फ्रेटने सरकतात, तेव्हा चिकटपट्टीचे नवे ठिपके लावावे लागतात. गिटारीचा प्रत्येक कॅपो बेसच्या जाड तारा धरत नाही, दुकानात बेस घेऊन जाऊन बघा. वर्षभराने मूल वाढलं की कॅपो काढायचा.

आता पैसे. २०,००० मध्ये जमतं, पण सगळे २०,००० बेसवर घालायचे नाहीत. मी असे वाटतो: बेसला १३,५०० पर्यंत, नव्या तारा आणि सेटअप (मान, तारांची उंची वगैरे हाताला जुळवून घेणं) मिळून २,५००, हेडफोन अँपला ३,०००, पट्टा आणि केबल १,०००. अँप सध्या नको.

सेटअपवर अडीच हजार ऐकून पालकांचा चेहरा पडतो. नवं वाद्य घेतोय, त्याची दुरुस्ती कसली? ही दुरुस्ती नाही. शिवून आणलेला ब्लाउज अंगावर बसवून घेतो ना, तसं. कारखान्यातून बेस निघतो, जहाजाच्या कंटेनरमध्ये आठवडेच्या आठवडे राहतो, मग भिवंडीच्या कुठल्या गोदामात. चार तारा मिळून मानेवर ७५-८० किलोचा ताण असतो. तो ताण पेलायला मानेच्या आत एक पोलादी कांब असते, ट्रस रॉड. हवा बदलली, लाकूड हललं की मान पुढे वाकते आणि तारा फ्रेटपासून उंच जातात. या उंचीला ॲक्शन म्हणतात.

गेल्या वर्षी घणसोलीहून एक आई मुलीला घेऊन आल्या. ऑनलाइन मागवलेला बेस, चार महिने झालेले. मुलगी बारा वर्षांची. आईचं म्हणणं, "सर, हिला जमत नाहीये, विकून टाकू का?" मी पोलादी पट्टी बाराव्या फ्रेटवर ठेवली. जाड तार ४.५ मि.मी. वर होती. २ ते २.५ असायला हवी. फ्रेटच्या कडा मानेच्या बाहेर आलेल्या, बोट फिरवलं तर करवतीसारख्या लागत होत्या. मुलीच्या तर्जनीच्या बाजूला बारीक लाल रेघा होत्या, एका खाली एक. ट्रस रॉड पाव फेरा आवळला. चहा झाला, परत बघितलं, आणखी थोडा. ब्रिजवरचे छोटे स्क्रू फिरवून तारा खाली घेतल्या, नटमधल्या खाचा कानशीने किंचित खोल केल्या, फ्रेटच्या कडा घासल्या, तारा बदलून हलक्या घातल्या. दीड तास गेला. मुलीने बेस घेतला, पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दाबलंच नाही मी अजून." सूर लागला होता. तो बेस ८,००० चा होता आणि अजून तिच्याकडेच आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की सेटअप केलेला १०,००० चा बेस न केलेल्या २५,००० च्या बेसपेक्षा लहान मुलाला जास्त उपयोगी. मोठ्यांनाही, पण मोठे तक्रार करतात. सेटअपचे मी हजार रुपये घेतो. ठाणे-नवी मुंबईत आठशे ते दीड हजार असा भाव कानावर येतो. तारा वेगळ्या, त्या हजार-दीड हजारांना पडतात, पण गिटारीसारख्या दर दोन महिन्यांनी बदलाव्या लागत नाहीत. तारांची जाडी इंचात लिहिलेली असते; मुलीसाठी .०४५-.१०५ ऐवजी .०४०-.०९५ किंवा .०४५-.१०० चा हलका संच मागा. शॉर्ट स्केल घेतलात तर तारा शॉर्ट स्केलच्याच घ्या. लांब तारा कापून बसवल्या की जाड भाग सूर लावायच्या चावीभोवती गुंडाळला जातो, तिथे तार नीट वळत नाही आणि सुरात राहत नाही.

हेडफोन अँप का, तेही जरा सविस्तर सांगतो, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. बेसचा खालचा ई ४१ हर्ट्झचा. त्या सुराची एक लाट हवेत आठ मीटरांहून लांब असते. एवढी लांब लाट भिंतीला जुमानत नाही. तुमच्या बेडरूममध्ये आवाज फारसा वाटणार नाही आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या कपाटाची काच थरथरेल. सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या नावाची चर्चा व्हायला दोन संध्याकाळी पुरतात. उलट संचातलं छोटं अँप हा ई नीट वाजवतच नाही. त्याचा स्पीकर सहा-आठ इंचांचा, त्यातून मूळ सूर येतच नाही, वरचे स्वर येतात आणि कान खालचा सूर आपल्या मनाने भरून काढतो. म्हणजे शेजाऱ्यांना त्रास होण्याइतका आवाज आहे, पण मुलीला स्वच्छ ऐकू येण्याइतका नाही. हेडफोन अँप काडेपेटीपेक्षा थोडं मोठं असतं, थेट बेसच्या जॅकमध्ये बसतं, बॅटरीवर चालतं. त्यात फोनची वायर लावली की गाणं आणि बेस दोन्ही कानात एकत्र येतात. तीन-चार हजारांत बरं मिळतं. घेताना त्यावर "बेस" लिहिलेलं आहे ना ते बघा, गिटारीचं वेगळं असतं.

त्याला जोडून एक गोष्ट, जी फुकट आहे. मुलगी गाणी फोनच्या स्पीकरवर ऐकून शिकणार असेल तर तिला बेस ऐकूच येणार नाही. फोनच्या स्पीकरमधून तो जातच नाही. मग तिला वाटेल, या गाण्यात बेस आहे कुठे? साधे वायरचे हेडफोन लावायला द्या, ब्लूटूथचे नकोत, कारण वाजवताना आवाज क्षणभर उशिरा येतो. आणि घरात पंचमदांची जुनी गाणी असतीलच. एखादं निवडा आणि फक्त खालचा आवाज ऐकायला सांगा. बेस म्हणजे काय हे एका संध्याकाळी समजेल. माझ्या वडिलांना मात्र ते शेवटपर्यंत समजलं नाही. "सगळ्यांत कमी तारा आणि सगळ्यांत मागे उभा," असं ते म्हणायचे.

आता तुमच्यासमोरचे पर्याय एकेक करून.

"आधी दोन वर्षं गिटार" हा सल्ला मला पटत नाही. गिटारीवर बोटांची सवय वेगळी, कामही वेगळं. बेसवाल्याला ढोल-तबल्याकडे कान ठेवायचा असतो. शिवाय तिला बँडमध्ये जागा आत्ता आहे, दोन वर्षांनी असेलच असं नाही. मुंबईचीच मोहिनी डे आज जगभर बेस वाजवत फिरते. वडील स्वतः बेसवादक, लहानपणापासून घरात बेसच. एकच गोष्ट दुकानदाराच्या बाजूने: मुलगी सात-आठ वर्षांची असती तर मीही थांबायला सांगितलं असतं, किंवा जाड रबरी तारांचा छोटा युकुलेले बेस सुचवला असता. अकराव्या वर्षी थांबायचं कारण नाही.

नऊ हजारांचा संच. तो वाईटच असेल असं मी म्हणणार नाही, घणसोलीच्या बेसची गोष्ट सांगितलीच. पण असे संच बहुतेक ३४ इंची असतात आणि विक्रेते स्केल लिहीत नाहीत. विचारा: नटपासून बाराव्या फ्रेटच्या पट्टीपर्यंत किती सें.मी.? त्याची दुप्पट म्हणजे स्केल. ४३ च्या आसपास आलं तर ३४ इंची, ३८ आलं तर ३० इंची. उत्तर न देणाऱ्याकडून घेऊ नका. मॉपच्या परीक्षेत मुलगी ३४ इंचीवर पास झाली तर हा संच घ्या, अँप बाजूला ठेवा, आणि उरलेल्यातून सेटअप, तारा आणि हेडफोन अँप. पैसे वाचतील.

३० इंची हवा असेल तर नव्यात नावाजलेल्या कंपन्यांमध्ये स्क्वायरचा ब्रॉन्को आहे, आयबानेझचा टॅलमन टीएमबी ३० आहे, आणि आयबानेझचाच मिक्रो, जो २८.६ इंची आहे. हे नवे घ्यायचे तर एकट्या बेसलाच तुमचं अख्खं बजेट लागेल. वापरलेले मात्र साडेतेरा हजारांच्या आत सापडतात, थोडी कळ काढावी लागते. ३४ इंचीत यामाहाचा टीआरबीएक्स १७४, आयबानेझचा जीएसआर १८०, कोर्टचा ॲक्शन हे तिन्ही मी माझ्या टेबलावर पुष्कळदा उघडले आहेत, पहिल्या बेसला उत्तम. यात कुठला चांगला असं विचारलंत तर मी म्हणेन, जवळ जो चांगल्या स्थितीत मिळेल तो. यांच्यात जो फरक आहे तो तिला तीन वर्षांनी कळेल.

वापरलेला बघायला जाल तेव्हा घाई करू नका. विकणाऱ्याला बेस वाजवून दाखवायचा उत्साह असतो, त्याला वाजवू द्या आणि मग स्वतः हातात घ्या. तुम्हाला वाजवता येत नसलं तरी हे जमेल. सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा. मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते सोबतच्या माणसाला बघायला सांगा. एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. दोन-तीन कार्डं सरकली तर मान वाकलेली आहे. ट्रस रॉडने ती सुटेल, पण विकणाऱ्यासमोर किल्ली लावून थोडी फिरवून बघा. रॉड फिरतच नसेल तर पाया पडून निघून या, तो बेस फुकटही महाग. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा. चार तारा, वीस-बावीस फ्रेट, पाच मिनिटं लागतील, विकणारा वैतागेल. एखाद्या ठिकाणी सूर मेला किंवा खडखडला तर ती जागा लक्षात ठेवा. एकदोन ठिकाणी असेल तर भाव पाडा, मानेच्या मध्यावर ओळीने असेल तर सोडा. वायर लावून नॉब फिरवा, नुसती खरखर असेल तर ती दोनशे रुपयांची सफाई आहे, घाबरू नका. तारांना हात लावला की गुणगुण थांबते, हात काढला की सुरू होते? तो बेसचा दोष नसतो, बऱ्याचदा त्या घरातल्या अर्थिंगचा असतो.

वजन विसरू नका. मोठा बेस चार किलोच्या आसपास भरतो, काही साडेचारच्या वर जातात. उभं राहून पट्टा गळ्यात घाला, दोन्ही हात सोडा. बेसची मान जमिनीकडे झुकली तर मुलगी सगळा वेळ डाव्या हाताने ती उचलत बसेल आणि तोच हात वाजवायलाही लागतो. रुंद, आतून खरखरीत पट्टा घेतला तर थोडं सुधारतं. शिवाय शाळेत नेणार कसा? ट्रान्स हार्बरच्या गर्दीत ११५ सें.मी. लांबीचं वाद्य पाठीवर घेऊन साडेचार फुटांची मुलगी चढवायची, हा विचार दुकानात सुचत नाही. शाळेत ठेवायची सोय आहे का ते सरांना आधीच विचारा.

बॅटरीवाला, म्हणजे ॲक्टिव्ह बेस मिळाला तर चालेल, पण तिला एक सवय लावा. वाजवून झालं की वायर जॅकमधून काढायची. वायर आत राहिली की आतली ९ व्होल्टची बॅटरी जळत राहते, आणि मग ऐन कार्यक्रमात आवाज जातो. तुम्हाला निवड असेल तर पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीचा घ्या, एक कटकट कमी.

पावसाळ्याचंही आत्ताच सांगून ठेवतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की तारांना गंज चढतो आणि मान हलते. बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीला टेकवून ठेवू नका, एसीच्या झोतातही नको. वाजवून झालं की जुन्या सुती कापडाने तारा पुसायच्या, पाच सेकंदांचं काम आहे. जुलैच्या मध्याला एकदा बाराव्या फ्रेटवरची उंची मोजा. सेटअपच्या दिवशी किती होती ते मानेमागे पेन्सिलने नव्हे, कागदावर लिहून बॅगेत ठेवा. अर्ध्या मि.मी.हून जास्त वाढली असेल तर दाखवून घ्या.

तर माझ्या हिशोबाने क्रम असा लावा. या रविवारी मॉपचा दांडा. ३० इंची लागतो असं दिसलं तर महिनाभर वापरलेला शोधा, मिळाला नाही तर संच नाही, थोडे पैसे साठवून नवा. ३४ इंची जमतो असं दिसलं तर पर्याय भरपूर आहेत, स्वस्तही आहेत. दोन्हीकडे सेटअपचे पैसे आधी बाजूला काढा, मग उरलेल्यात बेस बसवा. आणि मुलीला बरोबर न्या. रंग तिला निवडू द्या. यावर तुम्ही हसाल, पण बेस खोलीत भिंतीला लटकवलेला असतो, तो आवडला तर हात जातो.

राहिला सहकाऱ्यांचा पाच तारांचा. नको. पाचवी तार खालच्या बीची असते, ३१ हर्ट्झची, तिच्यासाठी मान रुंद करावी लागते, वजन वाढतं, आणि मुलीच्या पंजाला नेमकं तेच नको आहे. शाळेच्या बँडमध्ये त्या तारेचं कामही पडणार नाही. त्यांना न दुखावता नाही कसं म्हणायचं ते मात्र तुमचं तुम्ही बघा, त्यात मी बावीस वर्षांत काही शिकलो नाही. माझ्याकडेही असा भीडेखातर घेतलेला एक पाच तारांचा पडून आहे.